सर्व्हरची डागडुजी की नवी मांडणी?

३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा दहा वर्षांचा आधारकाळ संपला. रेड हॅटच्या व्यावसायिक प्रणालीची ही विनामूल्य आवृत्ती देशातील प्रयोगशाळांना चांगलीच परिचित होती. राष्ट्रीय महासंगणन अभियानातील काही ‘परम’ यंत्रणाही तिच्यावरच उभ्या राहिल्या. तिची उत्तराधिकारी सेंटओएस ८ तर त्याआधीच, ३१ डिसेंबर २०२१ रोजी थांबवण्यात आली. आता सुरक्षा-दुरुस्त्या बंद झालेल्या जुन्या सर्व्हरपुढे दोन वाटा आहेत: आहे त्याच मांडणीवर अल्मालिनक्ससारखी नवी प्रणाली चढवणे, किंवा कोऱ्या डिस्कवर सारे नव्याने उभारणे.

पहिली वाट सोयीची वाटते. एलिव्हेटसारखी साधने खाती, सेटिंग्ज आणि विदा जागच्या जागी ठेवून प्रणाली बदलतात. मात्र एका वेळी एकच मुख्य आवृत्ती ओलांडता येते. सातवरून नऊवर जायचे तर आठमधूनच जावे लागते. बाहेरून आणलेली पॅकेजेस, कुणीतरी हाताने कंपाइल केलेल्या लायब्ररी आणि ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर यांची हमी ही साधने देत नाहीत.

खरा धोका त्याहून खोल आहे. सातव्या आवृत्तीतील मूळ कंपायलर जीसीसी ४.८, तर नवव्या आवृत्तीतील जीसीसी ११. संगणकातील अपूर्णांकांची बेरीज क्रमानुसार किंचित बदलते, आणि कंपायलर किंवा गणिती लायब्ररी बदलली की हा क्रमही बदलू शकतो. दीर्घ सिम्युलेशनमध्ये शेवटच्या अंकातील फरक वाढत जाऊ शकतो. डागडुजी केलेल्या सर्व्हरवर जुने प्रोग्रॅम आणि नव्या लायब्ररी एकत्र नांदतात; मग एखादा आकडा नेमका कशातून आला, हे सांगणे कठीण होते. नव्या मांडणीत सर्व काही पुन्हा कंपाइल होते आणि जुन्या निकालांशी ताडून पाहता येते.

यावरचा आक्षेप रास्त आहे. नव्या मांडणीला वेळ लागतो, आणि प्रबंध सादर करण्याच्या तोंडावर असलेल्या विद्यार्थ्याला तो परवडत नाही. त्यावर उपाय साधा आहे: जुनी डिस्क न पुसता काढून ठेवावी, नवी प्रणाली वेगळ्या डिस्कवर उभारावी आणि बॅकअपमधून विदा खरोखर परत मिळते का, हे आधीच तपासावे. ज्या उपकरणाचा ड्रायव्हर जुन्या कर्नेलवरच चालतो, त्याचा संगणक मात्र जाळ्यापासून तोडून तसाच ठेवणे शहाणपणाचे.

यात एक विसंगती दडलेली आहे. ज्या प्रयोगशाळेकडे सर्व्हरच्या उभारणीची लेखी नोंद आहे, तिला नव्या मांडणीची भीती वाटत नाही. ज्या प्रयोगशाळेत ते ज्ञान पीएचडी संपवून गेलेल्या विद्यार्थ्याबरोबरच निघून गेले, तिला डागडुजीच सुरक्षित वाटते. परंतु नव्या मांडणीची सर्वाधिक गरज तिलाच असते.

उपकरणाचे कॅलिब्रेशन नोंदवल्याशिवाय मोजमाप ग्राह्य धरले जात नाही. गणन करणाऱ्या यंत्राला वेगळा न्याय का असावा? कोणत्या आवृत्त्या, कोणते पर्याय आणि कोणता क्रम वापरला, याची नोंद प्रकल्पाच्या दप्तरात असायलाच हवी. जो सर्व्हर पुन्हा उभारता येत नाही, त्यावरचा निकालही पुन्हा मिळेल याची खात्री देता येत नाही.