हिमोफिलिया आणि वेदनाशामक गोळी

‘सांधेदुखीवर साधी गोळी घेतली तर बिघडते काय?’ या पत्रलेखकाच्या प्रश्नाचे हिमोफिलियापुरते उत्तर स्पष्ट आहे: बरेच बिघडते. या आनुवंशिक विकारात रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. त्यात अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटांचे काम आठवडाभर मंदावते आणि रक्तस्राव वाढतो. आयबुप्रोफेनही धोक्याचेच, पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. स्नायूत दिलेल्या इंजेक्शनानेही आत रक्त साकळते. अशा खबरदाऱ्या नव्या कुटुंबाला अनुभवी रुग्णांकडून लवकर उमगतात. अशोक बहादूर वर्मा यांनी स्वतः हा विकार सोसत 1983 मध्ये दिल्लीत हिमोफिलिया रुग्णांची संघटना उभारली, ती या परस्पर आधारासाठीच. औषधाचा निर्णय मात्र रक्तविकारतज्ज्ञांचाच असावा.

— एक वाचक, प्रताप नगर, नागपूर