मुंबई ते काकडी पाऊण तास, जामखेड ते काकडी?

राज्याच्या विमानसेवेचे नकाशे आखणाऱ्या साहेबांस,



शिर्डी विमानतळाचं कौतुक करताना दोन आकडे हमखास सांगितले जातात. मुंबईपासूनचं हवाई अंतर साधारण 170 किलोमीटर आणि उड्डाणाला पाऊण तास. दोन्ही खरे आहेत. 1 ऑक्टोबर 2017 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झालं, मुंबईचं पहिलं विमान उडालं, तेव्हा ‘आपल्या जिल्ह्यात विमान आलं’ म्हणून आम्हीही हरखलो होतो.

साहेब, आमचा जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा. चौदा तालुके. विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडीत, म्हणजे पार उत्तरेच्या टोकाला, आणि आम्ही दक्षिणेच्या टोकाला जामखेडात. आम्हाला काकडी गाठायला रस्त्यानं जेवढे किलोमीटर तुडवावे लागतात, जवळपास तेवढ्याच किलोमीटरवर विमानाला मुंबई लागते! त्याचा पाऊण तास छापून येतो. आमचा अर्धा दिवस कुणीच धरत नाही.

वाटेत नगर-मनमाड रस्ता आहे. त्याबद्दल नव्यानं काय लिहू? राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर ही नावं आम्हाला खड्ड्यांवरून पाठ झाली आहेत. गाळप हंगामात पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला, की विमान कितीला आहे हे विसरून त्याच्या मागे मुकाट्यानं चालायचं. श्रीगोंद्याचा माणूस शहाणा, तो सरळ पुण्याला जातो. सरळ रेषेत त्याला लोहगाव ऐंशीच्या आसपास आणि काकडी सव्वाशेच्या घरात. स्वतःच्या जिल्ह्यातला विमानतळ त्याला परक्या जिल्ह्यातल्यापेक्षा लांब पडतो.

काकडीहून ओझरला विमान द्या, असा बालहट्ट आमचा नाही. सत्तरच्या आतलं अंतर. विमान नीट वर चढतंय तोवर उतरायची तयारी करावी लागेल. असल्या मागण्या निवडणुकीत शोभतात.

सल वेगळाच आहे. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, 520 किलोमीटरचा. काकडी ते नागपूर हवाई अंतर 510 च्या आसपास भरतं. म्हणजे मनात आलं तेव्हा डोंगर फोडून, विमानाच्या वाटेइतका सरळ रस्ता आपल्याला काढता आला. मग आमच्याच वाट्याला डागडुजी का? नोव्हेंबर 2019 मध्ये दृश्यमानता कमी झाली म्हणून काकडीची विमानं कित्येक दिवस बंद होती. पाच हजार मीटरपर्यंतचं दिसल्याशिवाय विमान उतरवायचं नाही, असा तेव्हा तिथला दंडक. बरोबरच आहे, जिवाचा प्रश्न. पण रस्त्यावरच्या जिवांसाठी असा एखादा दंडक कुठे आहे?

बाबांच्या दर्शनाला हैदराबादहून, चेन्नईहून येणाऱ्या भाविकांचा आम्हाला राग नाही. त्यांनी यावं, दोन तास वाचवावेत. फक्त ‘नगर जिल्ह्याला विमानतळ दिला’ असं भाषणात म्हणताना जरा थांबा. तो शिर्डीला दिलात.

निदान एवढं करा. नगरच्या बसस्थानकातून विमानांच्या वेळा धरून भरवशाची एसटी सोडा, जामखेड-कर्जतच्या गाड्या तिला जोडून द्या. आणि पुढच्या वेळापत्रकात उड्डाणाच्या वेळेशेजारी नगरहून काकडीला पोचायची वेळही छापा. खरी छापा, ट्रॅक्टर धरून.

आपला,
जामखेडचा एक प्रवासी