घरचं डायलिसिस : कष्ट कुणाचे?

'उपचार आमच्या दाराशी आणा' ही आरोग्याच्या चळवळीतली जुनी मागणी आहे. ती रास्तच आहे. पण दाराशी आलेला उपचार उंबरा ओलांडून घरात शिरला की तो रोजच्या रोज करायचा कुणी, हा प्रश्न आपण तितक्या जोराने विचारत नाही. मी मूळची सांगली जिल्ह्यातली, व्यवसायाने परिचारिका. गेली काही वर्षं मध्य ऑस्ट्रेलियात डायलिसिसच्या रुग्णांसोबत काम करते. माझे बहुतेक रुग्ण तिथले मूळ रहिवासी, म्हणजे आदिवासी आहेत आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत. त्यांच्याकडे पाहून हा प्रश्न मला टाळता येईनासा झाला.

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातल्या आदिवासींमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण देशातल्या इतर लोकांच्या कित्येक पटींनी जास्त आहे. 'त्यांच्या रक्तातच आहे ते' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आई कुपोषित किंवा आजारी असली की बाळ कमी वजनाचं जन्मतं आणि त्याच्या मूत्रपिंडातल्या गाळण्या मुळातच कमी असतात. दाटीच्या घरात लहानपणी पुन्हा पुन्हा खरूज-फोड होतात, त्या जंतुसंसर्गाचा मारा मूत्रपिंडावर होतो. पुढे मधुमेह आणि रक्तदाब येतात. या सगळ्याच्या मुळाशी आहे हिरावलेली जमीन आणि सरकारी वस्त्यांत, मिशनांत पीठ-साखर-चहाच्या रेशनवर जगायला लावलेल्या पिढ्या.

एकदा मूत्रपिंडं निकामी झाली की आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार-पाच तास यंत्राला जोडून घ्यावं लागतं. प्रत्यारोपणाच्या यादीत आदिवासींची नावं फार कमी लागतात. त्यामुळे बहुतेकांसाठी डायलिसिस जन्मभराचं. यंत्रं शहरात आणि माणसं शेकडो किलोमीटरवर! मग आजी, मावशी, आई आपली वस्ती सोडून ॲलिस स्प्रिंग्जला येते, वसतिगृहात किंवा नातलगांच्या गर्दीत राहते. मागे नातवंडं राहतात. जिच्याकडे गाण्यांचं, विधींचं, जमिनीचं ज्ञान आहे तीच वस्तीत नसते. कुणाच्या मयताला म्हणून गावी गेली की डायलिसिस चुकतं आणि कागदावर शेरा पडतो : 'रुग्ण सहकार्य करत नाही.' आपल्या माणसाला माती द्यायला जाणं हा असहकार कसा, हे मात्र कुणी विचारत नाही.

यावर उत्तर म्हणून घरी करायच्या डायलिसिसचा आग्रह धरला जातो. ते दोन प्रकारचं असतं. एक, घरातच यंत्र बसवायचं. दुसरं, पोटात कायमची नळी घालून दिवसातून साधारण चार वेळा दोन-दोन लिटर द्रव सोडायचा आणि काही तासांनी काढायचा. दोन्ही उपचार चांगले आहेत. ज्यांना जमतं त्यांना मोकळेपणा मिळतो, प्रवास वाचतो, सरकारचा खर्चही वाचतो. यांना माझा विरोध नाही. पण यंत्राला एका वेळेस शंभराहून जास्त लिटर शुद्ध पाणी लागतं. वाळवंटातल्या विहिरीचं पाणी क्षारांनी भरलेलं. वीज जाते. दोन खोल्यांत दहा-बारा माणसं राहतात. द्रवाच्या पिशव्यांची खोकी ठेवायची कुठे? नळीला हात लावताना जरा अस्वच्छता झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो आणि जीवावर बेततं.

आणि हे सगळं सांभाळायचं कुणी? शिकायला चला म्हटलं की सोबत येते ती बहुधा मुलगी, बहीण नाहीतर सून. तिने कित्येक आठवडे, यंत्र असेल तर कित्येक महिने, शहरात राहून शिकायचं. मग रोज घरकाम, पोरं आणि वर ही परिचर्या. रुग्णालयात याच कामाला पगार आहे, पाळी आहे, रजा आहे. घरात आलं की ते 'मायेचं काम' होतं. जो खर्च वाचला असं हिशेबात दिसतं, तो पुष्कळदा एका बाईच्या अंगावर टाकलेला असतो.

या पेचातून वाट काढली ती आदिवासींनीच. ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे ५३० किलोमीटरवरच्या किंटोरला आणि त्याहून दूरच्या किविरकुराला पिंटुपी लोक राहतात. आपली म्हातारी माणसं परक्या शहरात मरताहेत, हे त्यांना सहन होईना. तिथल्या स्त्रियांनी आणि पुरुषांनी मोठमोठी सामूहिक चित्रं रंगवली. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. त्यातून संस्था उभी राहिली. तिच्या लांबलचक नावाचा अर्थ 'आमच्या सगळ्या कुटुंबांना बरं करणं' असा आहे. लोक तिला 'पर्पल हाऊस' म्हणतात. २००४ मध्ये किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झालं. आज वीसच्या आसपास दूरच्या वस्त्यांत संस्थेची केंद्रं आहेत, शिवाय यंत्रं बसवलेला एक ट्रक फिरतो. कारभार आदिवासींच्या हाती आहे.

इथे 'घर' या शब्दाचा अर्थच बदलला, हे मला फार मोलाचं वाटतं. घर म्हणजे चार भिंती नव्हेत, आपली वस्ती, आपली जमीन. वस्तीत पगारी परिचारिका असते, पाणी-वीज केंद्राची, जोखीम केंद्राची. मुलगी आईजवळ मुलगी म्हणून बसू शकते. २०१८ मध्ये सरकारच्या मेडिकेअर योजनेने अतिदुर्गम वस्त्यांत परिचारिकांनी आणि आदिवासी आरोग्य कर्मचाऱ्यांनी दिलेल्या डायलिसिसचे पैसे द्यायला सुरुवात केली, तीही लोकांनी वर्षानुवर्षं रेटा लावल्यावर. अजूनही खुर्च्या कमी पडतात. शहरातल्या रुग्णांना काही दिवस गावी जायला पाळीची वाट बघावी लागते. आणि उपचारासाठी लोकांना आपली चित्रं विकावी लागली, हे कौतुकाइतकंच शरमेचंही आहे. तो खर्च पहिल्या दिवसापासून सरकारचा होता.

मैत्रिणींनो, हा प्रश्न समुद्रापलीकडचा म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि २०१९ मध्ये पोटातून घरी करायच्या डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना आल्या. धडगाव किंवा भामरागडच्या बाईला जिल्ह्याच्या गावी आठवड्यातून तीन खेपा घालणं शक्य नाही, म्हणून घरचा उपचार तिथे पोचलाच पाहिजे. पण तो पिशव्यांची खोकी घराच्या ओट्यावर उतरवून संपता कामा नये. द्रव फुकट आणि वेळेवर मिळायला हवा. घरी येऊन मदत करणारी कर्मचारी हवी, तिला मानधन नव्हे तर पगार हवा. घरातली बाई काळजी घेत असेल तर तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी. शिकवणं तिच्या बोलीत, तिच्या गावाजवळ व्हावं. सोय नसेल तिथे गावातच केंद्र हवं. आणि आजारी पडलेली ती स्वतःच असेल तर? तिची नळी, तिची पिशवी कोण सांभाळणार, हेही आधीच ठरलं पाहिजे.

तेव्हा 'घरपोच उपचार' असा शब्द सरकारी कागदात दिसला की आपल्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारू या : यातलं काम कोण करणार आणि तिला पगार किती?