चांदी एकच, न्याय दोन

साताऱ्याचे राज्य १८४८ साली इंग्रजांनी खालसा केले. सांगली संस्थान १९४८ साली विलीन झाले. राजवटी गेल्या, परंतु त्यांच्या चांदीच्या ताटांचा, तबकांचा, अत्तरदाण्यांचा मोह गेला नाही. संस्थानी मुद्रा उमटलेल्या तबकाला धनिक संग्राहक चांदीच्या भावाहून कितीतरी अधिक किंमत मोजतो. हे न घेतले तर ते वितळेल, असे त्याचे समर्थन असते.

मग शेतकरी स्त्रीच्या तोड्यांविषयी ही कळकळ कोठे जाते? दुष्काळात ते सावकाराकडे गहाण पडतात; न सुटल्यास घट वजा करून वजनावर विकले जातात आणि मुशीत जातात. मुशीपुढे बसलेला गलाई कारागीरही बहुधा खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानेच देशोधडीला लागलेला असतो. १९४३ ते १९४६ या काळात सावकारशाहीला वेसण घालणाऱ्या प्रतिसरकारच्या भूमीतला हा न्याय!

औंधच्या अधिपतींनी १९३८ साली आपला कलासंग्रह संग्रहालयरूपाने लोकांपुढे ठेवला. तोच मार्ग खरा. संस्थानी तबक आणि शेतकरणीचे तोडे सार्वजनिक संग्रहालयात शेजारी शेजारी मांडले जावेत. ज्या ताटांची किंमत रयतेच्या शेतसाऱ्यातून चुकती झाली, त्यांच्यावर पहिला हक्क रयतेचाच आहे.