टब विकू नका, कोरडी भिंत विका



या आठवड्याचा व्हिडिओ बाथरूम रिमॉडेलिंगच्या धंद्यावर होता. त्यातला एक मुद्दा घाईत निसटला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावात हा धंदा सुरू करायचा विचार असेल तर माझं मत सरळ आहे. भांडवल बाथटबात अडकवू नका. आणि 'घरच्या घरी स्वतःच करा' सांगणाऱ्या व्हिडिओंची धास्ती घेऊ नका.

आधी व्हिडिओंचं बघू. ग्राहक हल्ली मोबाईलच पुढे करतो. "भाऊ, हा अमेरिकेतला माणूस एकटा दोन दिवसांत बाथरूम बदलतो. तुम्ही पंधरा दिवस कशाला मागता?" प्रश्न रास्त आहे, चिडू नका. तिकडची बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची असतात. भिंत म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला बोर्ड, तो कापला की पाइप समोर. टबचं नेहमीचं माप 60 इंच लांब, 30 इंच रुंद, आणि जागाही त्याच मापाची सोडलेली. जुना काढायचा, नवा सरकवायचा. आपल्याकडे विटांची भिंत, वर प्लास्टर, आत पुरलेला पाइप. एकाच घरातल्या दोन बाथरूमची मापंही जुळत नाहीत. तोडफोड झाली की मलबा, मग नवं प्लास्टर, त्यावर पाणी मारायचे दिवस. ते दिवस व्हिडिओत कापलेले असतात. हे फरक ग्राहकाला शांतपणे दोन मिनिटांत सांगता आले, तर अर्धं काम तिथेच तुमच्या हातात येतं.

आता टब. फोटोत सुंदर दिसतो, शोरूमवाला कमिशनही देतो. पण हिशोब करा. टबात एका आंघोळीला साधारण दीडशे लिटर पाणी लागतं. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला 55 लिटर धरलेत, म्हणजे जवळपास तिघांचं दिवसाचं पाणी एका आंघोळीत गेलं. ते पाणी 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला साडेतीन युनिट वीज लागते. 2 किलोवॅटचा गिझर पावणेदोन तास चालेल. 15 लिटरच्या गिझरमधून एका खेपेला थंड पाणी मिसळून 30 लिटर कोमट पाणी निघतं. पाचव्या खेपेपर्यंत पहिलं पाणी गार! विदर्भात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घराला हे विकायचं म्हणजे एकदाच विकायचं. तो माणूस पुन्हा तुमच्याकडे येणार नाही, आणि टबात धुण्याचे कपडे ठेवील.

वजनाचंही आहे. पाणी, माणूस आणि ॲक्रिलिकचा टब मिळून अडीचशे किलोच्या आसपास. राहत्या घराच्या स्लॅबला मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलोचा वापराचा भार धरतात. टब सव्वा चौरस मीटरही जागा घेत नाही, म्हणजे तेवढ्या तुकड्यावर आपण त्या आकड्याच्या वर जातो. शिवाय भोवती विटांचा कठडा. जुन्या माळवदाच्या माडीवर तर विचारही नको.

तरी एखादा बंगलेवाला मागेलच. तेव्हा ऑर्डर घ्या, आगाऊ पैसे घेऊन टब मागवा, दुकानात साठा ठेवू नका. इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या. टब लेव्हलला बसवला की कठडा बांधायच्या आधी भरून आणि सोडून बघा, खालचा जोड ठिबकतो का. निचऱ्याच्या बाजूला उघडता येणारी झडप सोडा, नाहीतर तुंबल्यावर नवी टाइल फोडावी लागते. भिंतीलगतची सिलिकॉनची रेघ टब पाण्याने भरलेला असताना मारा. रिकाम्या टबाला मारली तर वजनाने टब किंचित दबतो आणि रेघ सुटते.

मग कारंज्यात विकायचं काय? श्री नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून इथे गुरुमंदिरात वर्षभर दत्तभक्त येतात, जैन मंदिरांनाही लोक येतात. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून गाडीने येणं सोपं झालंय. येणाऱ्यांत वयस्कर माणसं बरीच. त्यांना टब नको असतो. त्यांना हवी असते कमोडवरून उठताना धरायला दांडी, पाय न घसरणारी फरशी आणि उंबरठा नसलेला दरवाजा. दुसरा ग्राहक म्हणजे पोरं पुण्यात आणि आईवडील कारंज्यात असलेलं घर. पैसे तिकडून येतात, बाथरूम इकडे. आई मोरीत घसरली की मगच फोन येतो, हे वाईट आहे पण असंच होतं. तुम्ही त्याच्या आधी पोहोचलात तर धंदाही होईल आणि एखादं मोडणारं हाड वाचेल.

धरायची दांडी नुसत्या टाइलला स्क्रू मारून लावू नका. विटेत खोलवर जाणारा अँकर हवा, बसवल्यावर स्वतःच्या अंगाचा भार टाकून बघा. म्हातारं माणूस पडताना त्याच दांडीला पकडणार आहे.

आणि सगळ्यात मोठी विक्री म्हणजे ओल न येणारी भिंत. बाथरूममागच्या खोलीत रंगाचे पोपडे सुटलेलं एक तरी घर तुमच्या गल्लीत आहेच. दोष सहसा टाइलचा नसतो. टाइलखाली वॉटरप्रूफिंग झालेलं नसतं, उतार नाहणी ट्रॅपकडे नसतो, किंवा पाइप फरशीतून जातो तिथला सांधा उघडा राहिलेला असतो. टाइल बसवायच्या आधी कोपरे गोलसर भरून घ्या, लेप जमिनीवरून भिंतीवरही चढवा, ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी कोंडा. किमान 24 तास, जमलं तर 48. खालच्या छताला आणि मागच्या भिंतीला हात लावून बघा. उतार मीटरला एक ते सव्वा सेंटीमीटर पुरतो. बादलीभर पाणी ओतून ग्राहकाला दाखवा.

बरेच मिस्तरी हे करत नाहीत, कारण त्या दोन दिवसांचे पैसे कोणी देत नाही. कोटेशनमध्ये 'पाणी कोंडून तपासणी' अशी वेगळी ओळ टाका, तिला किंमत लावा आणि ग्राहकाला सांगा की ही ओळ खोडली तर ओल आल्यास जबाबदारी माझी नाही. फार थोडे लोक खोडतात.

हौशी ग्राहकाला मात्र हात लावू द्या. आरसा, टॉवेल रॉड, हँड शॉवर, नळाचा वायसर, सिलिकॉन ही कामं त्याची त्याने केली तर तुमचं नुकसान शून्य आणि त्याला बाथरूम आपलं वाटतं. फरशी तोडणं, ट्रॅप, भिंतीतले पाइप आणि गिझरचं अर्थिंग याला नाही म्हणा. गोड बोलून, पण नाहीच म्हणा.

भांडवलाबद्दल. पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत राजमिस्त्री आहे, प्लंबर नाही. तुमच्या जोडीतला मिस्तरी पात्र असेल तर त्याला 15,000 रुपयांपर्यंत अवजारांची मदत आणि प्रशिक्षणानंतर 5 टक्के व्याजाने आधी 1 लाखापर्यंतचं कर्ज मिळू शकतं. एवढ्यात कटर, ड्रिल, लेव्हल आणि सुरुवातीचं सामान येतं. टबच्या शोरूमची गरजच पडत नाही.

पैसे टप्प्याने घ्या: सामान येताना, पाणी कोंडून तपासणी झाल्यावर, टाइल पूर्ण झाल्यावर. शेवटचे दहा टक्के पंधरा दिवस वापर झाल्यावर मागायला जा. जाताना मागच्या खोलीतली भिंत ग्राहकासमोर हाताने तपासा, आणि पाणी कोंडलेल्या दिवशीचा तारखेसह काढलेला फोटो त्याला द्या. पुण्यातल्या पोरालाही तोच पाठवा.