पहिल्या क्रमांकाचे विक्रेते

मुळशी तालुक्यातील माण या गावाच्या शिवारात हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा आहे. देशोदेशींच्या कंपन्यांची संगणकीय कामे येथील इमारतींत चालतात. या इमारतींच्या आसऱ्याने एक दुसरे, लहान माणसांचे अर्थकारणही वाढले आहे. खानावळी, मुलामुलींची वसतिगृहे, भाड्याच्या गाड्या, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती, शिकवणीचे वर्ग अशा व्यवसायांवर शेकडो कुटुंबे जगतात. येथून भोसरी-चाकणकडे गेले की सुटे भाग बनवणारी लहान वर्कशॉप्स लागतात. या सर्वांचे गिऱ्हाईक आता रस्त्यावरची पाटी पाहून येत नाही. ते हातातल्या मोबाइलवर शोध घेते आणि वर दिसणाऱ्या दोन-तीन नावांपैकी एकाकडे जाते. हे बदललेले वास्तव ज्यांनी सर्वांत आधी ओळखले, त्यांत फसवणुकीचा धंदा करणारेही आहेत.

‘तुमचा व्यवसाय गुगलच्या पहिल्या पानावर, पहिल्या क्रमांकावर आणून देतो, हमी आमची,’ असे सांगणारा दूरध्वनी आज कोणत्याही लहान व्यावसायिकाला अनोळखी राहिलेला नाही. बोलणारा अदबीने बोलतो, इंग्रजी शब्दांची पेरणी करतो, ‘आजच्या दिवसापुरती’ सवलत देतो आणि काही हजार रुपये आगाऊ मागतो. पैसे पोचल्यावर पहिले काही आठवडे अहवाल येतात, मग दूरध्वनी उचलला जात नाही. जेथे संगणकाची विद्या दिवसरात्र राबते, तेथेच त्या विद्येच्या नावाने शेजारच्या खानावळवाल्याला गंडवता यावे, हा प्रकार दिव्याखाली अंधार या म्हणीची आठवण करून देणारा आहे.

खरे काम आणि खोटी हमी

येथे एक गोष्ट प्रथम स्पष्ट करावयास हवी. ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ किंवा बोलीभाषेत ‘एसईओ’ हा व्यवसाय मुळातच लबाडीचा आहे, असे मुळीच नाही. संकेतस्थळावरील मजकूर स्पष्ट लिहिणे, पत्ता, वेळा व दूरध्वनी क्रमांक अचूक ठेवणे, पान मोबाइलवर झटकन उघडेल अशी व्यवस्था करणे, गिऱ्हाईक ज्या शब्दांनी शोध घेते ते शब्द जाणून त्यांची उत्तरे पानावर देणे, ही सर्व प्रामाणिक मेहनतीची कामे आहेत. चांगला पेंटर जशी दुकानाची पाटी दुरून वाचता येईल अशी रंगवतो, तसेच हे. परंतु पाटी रंगवणारा पेंटर रस्त्याने जाणारे प्रत्येक गिऱ्हाईक दुकानात शिरेल अशी हमी देत नाही. ती देऊ लागला, तर त्याच्या रंगाविषयी नव्हे, हेतूविषयी शंका घ्यावी लागेल.

गुगलने या बाबतीत आपली भूमिका जाहीरपणे मांडलेली आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. नैसर्गिक शोधनिकालांतील क्रम वर नेण्यासाठी कंपनी पैसे घेत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि ती जाहिरात म्हणून वेगळी दाखवली जाते. प्रामाणिक सुधारणांचा परिणाम दिसण्यास बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते, असेही ती सांगते. तेव्हा पंधरा दिवसांत पहिला क्रमांक देऊ म्हणणारा मनुष्य जी वस्तू विकावयास बसला आहे, ती मुळात त्याच्या मालकीची नाही. दुसऱ्याच्या शेताचा सातबारा दाखवून विसार घेणारा आणि हा, यांत जातीचा फरक नाही. सारा प्रश्न समजून घेण्याची किल्ली एवढ्या एका गोष्टीत आहे.

शहाणी माणसे का फसतात?

मग व्यवहारात मुरलेली माणसे का फसतात? भाजीच्या जुडीचा भाव पैशापैशाने पाडून घेणारा खानावळवाला येथेच हात का सैल सोडतो? याचे उत्तर त्याच्या भोळेपणात शोधणे अन्यायाचे होईल. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की मालाचा कस विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. या विचारासाठी त्यांना 2001 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एसईओची स्थिती तर जुन्या मोटारीहूनही अवघड आहे. मोटार घेतल्यावर तिचे दोष चार दिवसांत कळतात. येथे मात्र सेवा घेऊन झाल्यावरही ती खरोखर मिळाली की नाही, हे घेणाऱ्याला कळत नाही. गिऱ्हाईक वाढले तर श्रेय विक्रेत्याचे, न वाढले तर दोष ‘गुगलने नियम बदलले’ याचा! अशा बाजारात सहा महिने थांबा म्हणणारा प्रामाणिक तंत्रज्ञ मागे पडतो आणि पंधरा दिवसांचा सौदागर पुढे जातो. नुकसान फसलेल्याचे होते, तसेच सचोटीने काम करणाऱ्याचेही होते.

या अज्ञानाचा फायदा घेण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. पहिली, कोणीही कधी शोधणार नाही अशा लांबलचक शब्दसमूहासाठी पहिला क्रमांक मिळवून दाखवायचा. करारातील शब्द पाळले जातात, पण गिऱ्हाईक एकही येत नाही. दुसरी, मालकाच्याच मोबाइलवर त्याचेच दुकान वर आलेले दाखवायचे. शोधनिकाल हे शोधणाऱ्याच्या ठिकाणानुसार बदलतात. दुकानात बसून शोध घेतला तर तेच दुकान वर दिसणे स्वाभाविक असते, हे त्याला कोण सांगणार? तिसरी रीत अधिक घातक आहे. इतर संकेतस्थळांनी दिलेले दुवे म्हणजे एक प्रकारची शिफारस, असे गुगलने आरंभापासून मानले. म्हणून अशा शिफारसी विकत मिळू लागल्या. 2012 साली ‘पेंग्विन’ या नावाने ओळखला जाणारा बदल करून गुगलने अशा कृत्रिम दुव्यांचा बंदोबस्त सुरू केला. तरीही ते आजही विकले जातात. त्यांची शिक्षा विक्रेता निघून गेल्यावर व्यावसायिकाच्या पानाला भोगावी लागते.

लोभाइतकाच भीतीचाही वापर होतो. ‘पैसे भरा, नाहीतर तुमचे दुकान गुगलवर कायमचे बंद म्हणून दिसेल,’ अशा धमकीचे दूरध्वनी करणाऱ्या फ्लोरिडातील काही मंडळींविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2018 साली न्यायालयात धाव घेतली. गुगलशी आपला संबंध असल्याची त्यांची बतावणी होती. तेव्हा हा रोग काही आपल्याकडच्या अडाणीपणातून आलेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

कायदा आहे, पण...

कायदा नाही असे नव्हे. भारतीय न्याय संहितेचे 318 वे कलम फसवणुकीला लागू आहे. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणाऱ्यास माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या 66-ड कलमाखाली शिक्षा आहे. पैसे गेल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते, आणि संशयास्पद दूरध्वनी आल्यास तो केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षु’ या सोयीतून कळवता येतो. परंतु व्यवहार तोंडी, रक्कम थोडी आणि आश्वासन धूसर असले, की ही फसवणूक होती की केवळ कामातील अपयश, हा वाद उभा राहतो. शिवाय व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याचे छत्र सामान्यतः मिळत नाही. यास्तव पैसे देण्यापूर्वीची सावधगिरी हाच खरा बंदोबस्त होय.

ही सावधगिरी बाळगण्यासाठी संगणकशास्त्र शिकावे लागत नाही; व्यवहाराचे जुने नियम नव्या ठिकाणी लावले म्हणजे पुरे. सर्वांत महत्त्वाचा नियम मालकीचा. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदलेले नाव, व्यावसायिकाच्या स्वतःच्या नावे व स्वतःच्या ईमेलवर नोंदलेले असावे. गुगल बिझनेस प्रोफाइलही स्वतःच्या ताब्यात हवे. त्याची नोंदणी विनामूल्य आहे. काम करणाऱ्यास प्रवेश द्यावा, किल्ली देऊ नये. अनेकदा पैशांपेक्षा मोठे नुकसान होते ते येथे, कारण वाद झाला की वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांना माहीत असलेले नावच दुसऱ्याच्या हाती अडकते. मोबाइलवर आलेला पडताळणीचा अंक कोणालाही सांगू नये. काय करणार हे कागदावर लिहून घ्यावे. ‘क्रम वाढवू’ एवढे पुरेसे नाही, कोणती पाने, कोणते बदल, कोणते शब्द, हे नमूद असावे. वर्षाचे पैसे एकदम देऊ नयेत. महिन्याच्या कामाचे महिन्याला द्यावेत आणि पूर्ण पत्त्याचे बिल घ्यावे. यशाचे माप क्रमांक हे नसून आलेले दूरध्वनी, झालेली चौकशी आणि वाढलेली विक्री हे असावे. ते मोजण्यास एक साधी वही पुरते: नवे गिऱ्हाईक आले, की ‘आमचे नाव कोठे कळले?’ असे विचारून नोंद करावी.

व्यावसायिकाची बाजू घेताना त्याचा दोषही झाकू नये. पैसे मोजून खोटे अभिप्राय लिहून घेणारे व्यावसायिकही आहेत. विकत घेतलेल्या पन्नास स्तुतिपर अभिप्रायांत फसवला जातो तो त्याचाच गिऱ्हाईक. भारतीय मानक ब्यूरोने अशा अभिप्रायांसाठी 2022 साली आयएस 19000 हे मानक प्रसिद्ध केले ते याच कारणासाठी. खोट्याचा बाजार एका बाजूने चालवायचा आणि दुसऱ्या बाजूने त्याची तक्रार करायची, हे फार काळ चालणार नाही.

एकट्याचे काम नव्हे

तथापि सर्व भार एकट्यादुकट्या व्यावसायिकावर टाकणेही योग्य नाही. माहितीची विषमता हा जर रोग असेल, तर माहिती एकत्र करणे हेच औषध. ग्राहक एकटा असताना दुबळा असतो हे ओळखून 1974 साली पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले. आज गिऱ्हाइकाच्या जागी लहान व्यावसायिक आहे, एवढाच फरक. लघुउद्योजकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांनी कराराचा एक साधा मराठी नमुना तयार करावा. कोणी कोणाकडून काम करून घेतले आणि काय अनुभव आला, याची नोंद सभासदांसाठी ठेवावी. परिसरातील महाविद्यालयांनी वाणिज्य व संगणकाच्या विद्यार्थ्यांना सुटीच्या काळात अशा दुकानांची प्रोफाइल नीट करून देण्याचे काम द्यावे. विद्यार्थ्यांना अनुभव मिळेल आणि दुकानदाराला कळेल, की ज्यासाठी हजारो रुपये मागितले जातात त्यांतील पुष्कळसे काम एका दुपारचे आहे. केंद्र सरकारची ‘उद्यम’ नोंदणी 2020 पासून पूर्णपणे विनामूल्य असूनही ती करून देण्याचे पैसे उकळणारे आहेतच. तोही उपद्रव अशाच रीतीने कमी होईल.

उद्यानात काम करणारा अभियंता रोज ज्या खानावळीत जेवतो, तिच्या मालकाला त्याने दहा मिनिटे बसून एवढे समजावले तरी मोठे काम होईल. पहिला क्रमांक विकाऊ नाही, आणि जो तो विकतो त्याच्याकडे विकण्यासारखे दुसरे काही नाही, ही समजूत माणच्या रस्त्यापासून चाकणच्या वर्कशॉपपर्यंत पोचली, तर या विक्रेत्यांचे दूरध्वनी कायदा न बदलताही आपोआप कमी होतील. स्वच्छ अन्न, वेळेवर काम आणि चोख हिशेब यांच्या जोरावर मिळालेले नाव मात्र कोणत्याही शोधयंत्राचा नियम बदलला तरी टिकते.