आधी निचरा, मग डागडुजी



उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस लागला की तेच रान फुगून वर येते. या मातीचा गुणच तसा. पाणी पिऊन ती फुगते, वाळली की आक्रसते. तिचा जोर एवढा, की मोटारीच्या खोलीची भिंत तडकते, सिमेंटचा पाट उचलला जातो. मग आपण म्हणतो, "गवंड्याने सिमेंट खाल्लं." प्रत्येक वेळी दोष गवंड्याचा नसतो. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीचा अभ्यास करून उपाय सांगितला, की कालव्याच्या अस्तराखाली चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर द्यावा. योग्य प्रतीचा मुरूम त्याला चालतो. तेव्हा पाट बांधताना आधी खालची माती बघा.

तडकलेली भिंत फिरून बांधता येते. रानाचं तसं नाही. पाट भरून पाणी दिलं आणि निचरा नसला, की जमिनीखालचं पाणी वर चढतं. मुळ्यांना हवा मिळत नाही. उन्हात ओल उडून जाते, क्षार मात्र वर राहतात. पांढरा थर दिसू लागतो आणि खोडव्यात नांग्या पडतात. हे दुखणं आजचं नाही. १९१६ साली पुण्यात खास पाटबंधारे विभाग निघाला, तेव्हाही कालव्याखालची पाणथळ व खारी रानं हाच प्रश्न होता. तरी आपण अजून बेण्याला आणि खताला नावं ठेवतो!

काही सभासद चोपण रानात जिप्सम टाकून मोकळे होतात. जिप्समने सुटलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेला पाहिजे. वाटच नसेल तर तो जाणार कुठं?

आमचे स्पष्ट मत असे, की निचरा हे एकट्याचे काम नव्हे. वरच्याने चर काढला आणि खालच्याने बांध घातला, तर दोघांचेही रान बुडते. चरात दोन गुंठे जातात ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पण उघडा चर फक्त शिवारातून ओढ्यापर्यंत लागतो. रानात तीन-चार फुटांवर सच्छिद्र नळ्या पुरता येतात, वरून नांगर चालतो. सांगली-कोल्हापूर भागात अशी कामे झालेली आहेत. दोन गुंठे वाचवताना दोन एकर घालवणे हा कुठला हिशेब?

म्हणून ओढ्याकाठच्या सर्व सभासदांनी एकत्र बसून चराची दिशा ठरवावी, माती व विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. ऊस तुटल्यावर रान मोकळे असते, तीच वेळ साधावी. भाऊबंदकी बांधावर ठेवा. पाण्याला बांध कळत नाही, उतार तेवढा कळतो.

— ऊस विकास अधिकारी